पुण्याहून आलेल्या बाई

त्यानं हात पँटला पुसला. तेवढंच. पण मी बघितलं.

घटकाभरापूर्वी त्याच हातानं तो माझ्या पाया पडला होता. "नमस्कार मॅडम" म्हणून. वाकून.

दोन हजार साल उजाडायला अजून अवकाश होता. कोल्हापूरच्या एका कॉलेजात मी झाडायला होते. परभणीकडची मी, शाळा सातवीत सुटलेली. कारखान्यावर काम आहे म्हणून नवऱ्यानं इकडं आणलं, अन् एक दिवस उचगावच्या खोलीत टाकून निघून गेला. मानसशास्त्राच्या मॅडमनी शब्द टाकला, म्हणून हे काम मिळालं. त्यांचे उपकार मी विसरले नाही. म्हणूनच तर नाही म्हणता येईना.

"उद्या वर्गात येऊन बसायचं," मॅडम म्हणाल्या. "पुण्याहून आलेल्या प्राध्यापक बाई म्हणून. माझी साडी देते, चष्मा देते. तोंड तेवढं उघडू नकोस. तुझं ते परभणीकडचं काहून-फिहून निघालं की संपलं सगळं."

"पण कशाला, मॅडम?"

"अगं, मुलांना शिकवायचंय. कपड्यांवरून माणूस माणसाला कसा जोखतो, ते."

बसले. खळ घातलेली कडक सुती साडी, अंबाडा, चष्मा. सगळा वर्ग उठून उभा राहिला. एका पोरीनं बशीवर पाण्याचा ग्लास ठेवून आणला. अन् तो पाया पडला. एरवी हाच पोरगा म्हणायचा, "ओ मावशी, हितं केर ऱ्हायलाय की. डोळं हायत न्हवं?"

कुणी ओळखलं तर मॅडमचा तास बिघडेल, माझं काम जाईल. पण कुणी ओळखलंच नाही. वर्षभर त्यांच्या पायांशी वाकून झाडलं मी. माझं तोंड एकानंही बघितलं नव्हतं.

"या कोण असतील?" मॅडमनी विचारलं.

"विभागप्रमुख!" "डॉक्टर!"

"ही आपली झाडूवाली."

हसण्याचा लोट आला. बाकं बडवली. "आयला, मावशी व्हय ही!" अन् त्यानं हात पुसला.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, पूर्वग्रह. खाली रेघ मारली. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. तो पुसलेला हात कुणी उतरवून घेतला नाही.

"छान केलंस," मॅडम म्हणाल्या. "साडी धुऊन आण. अन् जाताना फळा पुस."

पुसला.

साडी नळावर घासताना कळलं, सल कुठं आहे ते. ती पोरं उभी राहिली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं. ते बरं वाटणंसुद्धा त्यांनी हसून हिरावून घेतलं.

पुढल्या वर्षी मॅडम परत साडी घेऊन आल्या. "नवी मुलं आहेत. उद्या बसायचंय."

साडी मी घेतली नाही. म्हणाले, "बसते. पण माझ्या साडीत. अन् बोलणार."

"काय बोलणार तू?"

"मागल्या साली त्या पोरानं माझ्या पायाला लावलेला हात पँटला पुसला, ते."

मॅडम हळूच म्हणाल्या, "तुला इथं कुणी लावलं, विसरलीस?"

"न्हाई विसरले. पण मुकी काहून बसू?"

आठवड्यात मला खाली संडासाच्या कामाला टाकलं. जुना शिपाई तात्या समजावायला आला. "आगं पोरी, मॅडमची माफी माग की. दोन शब्दांनी काय झिजणार हाईस व्हय?"

नाही मागितली. मागणारही नाही.

आता पोरं दारातनं ओरडतात, "मावशी, पानी टाक की लौकर!" मी आधी ताठ उभी राहते. ओरडणाऱ्याच्या डोळ्यांत बघते. तो माझ्या तोंडाकडं बघत नाही, तोवर बादलीला हात लावत नाही.

कामावरून काढलं, तरी नाही.