कैच्या पक्क्या होत्या

आमचं पॉलिहाऊस पडलं नाही. गावात तसं सांगतात, पण ते चूक आहे. ते उठलं आणि गेलं.

आंधळगावजवळ आमचं शेत आहे. तिथे लोखंडी पाइपांच्या बारा कमानी उभारून, वर प्लास्टिकचा कागद ताणून केलेलं हे पॉलिहाऊस पुष्पाचं, म्हणजे माझ्या बायकोचं. मागच्या वर्षी कागदावर गारा साचल्या, कमानी मधोमध वाकल्या आणि तिची सगळी काकडी खाली चेंगरली. यंदा तिने पुन्हा काकडी लावली. वेली सुतळीने वर कमानींना बांधल्या. होळीच्या आत पहिला तोडा निघणार होता आणि भंडाऱ्याच्या व्यापाऱ्याला तिने तसा शब्दही दिला होता.

"यंदा पडलं तं मी त्याच्यात पाय ठेवणार नाही," ती म्हणाली. "मंग तुमीच मेथी लावत बसजा."

"पडणार नाही," मी म्हणालो. एवढं बोलून मी गप्प बसायला हवं होतं.

पण मी हिशेबी माणूस आहे. घरात येणारं दूध मी मापून घेतो, गॅसची टाकी तोलून घेतो. मी गारांचंही वजन काढलं. चार बोटं थर साचला तर किती किलो, त्यातले एका कमानीच्या वाट्याला किती. उत्तर असं आलं की प्रत्येक कमानीला आतून कैची द्यायची. घराच्या छपराखाली लोखंडी त्रिकोणांचा आधार असतो, तशी.

"बांबूचे टेकू लावा ना जी," माझा साळा गजानन म्हणाला. "बारा बांबू, झालं काम."

"बांबूची ताकद कोणी मोजली आहे?"

"बांबूले मालूम असन."

मी वेल्डर बोलावला.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. या सांगाड्याला चोवीस पाय. प्रत्येक पाय जमिनीत सिमेंटने बसवलेल्या जाड नळीत उतरतो, आणि आडवा एक बोल्ट घातला की घट्ट होतो. सकाळी मी लेव्हल लावून पाहिली, तर दोन पाय बोटभर खाली. वाकड्या सांगाड्याला सरळ कैच्या? माझ्याने बघवलं नाही.

"आधी सगळे बोल्ट काढा," मी वेल्डरला सांगितलं. "पाय एका पातळीत आणा. मग वेल्डिंग."

"साहेब, काकडीले का समजते?"

"मला समजतं."

बोल्ट निघाले. ते मी मोजले, रॉकेलने धुतले, पुसले, फडक्यात बांधले आणि घरी नेऊन अलमारीत कुलूपबंद केले. (शेतात ठेवले असते तर एखादा तरी मातीत गेला असता. माणसं निष्काळजी असतात.) चावी शर्टाच्या खिशात ठेवली.

दुपारपर्यंत बाराही कैच्या बसल्या. मी एकीला लोंबकळून पाहिलं. मग गजानन लोंबकळला, मग वेल्डर. तिघं एकदम लोंबकळलो, कैची केसभर वाकली नाही. उकाडा फार होता, म्हणून मी शर्ट काढून सातव्या कैचीला अडकवला आणि सगळ्या सांध्यांना व पायांना स्वतः लाल रंग दिला. वेल्डर आपलं सामान घेऊन निघून गेला.

"आता बोल्ट लाऊन टाका भाऊजी," गजानन म्हणाला. "आभाळ भरून आलं."

"रंग ओला आहे. आत्ता बोल्ट घातले तर खरवडेल आणि तिथेच गंज धरेल. उद्या सकाळी."

"अन् हवा सुटली तं?"

"कैच्या दिल्यात ना?"

तासाभरात हवा सुटली. पुष्पा धावत शेतात आली.

"अवो, ते बोल्ट कुठी हायेत?"

"घरी. अलमारीत. एकही हरवला नाही."

"चाबी?"

मी छातीला हात लावला. अंगात फक्त बनियन होतं.

तेवढ्यात पॉलिहाऊसने मोठा श्वास घेतला. कागद फुगला आणि चोवीसच्या चोवीस पाय एकाच वेळी नळ्यांतून वर आले. (एकही मागेपुढे नाही. पातळी अचूक होती, हे कोणी बोलत नाही.) आमच्या डोळ्यांदेखत ते बांधावरच्या चिंचांवरून पलीकडे गेलं. खाली मुळांसकट काकडीच्या वेली लोंबत होत्या, आणि सातव्या कैचीवरून माझा शर्ट दोन्ही बाह्या हलवत आमचा निरोप घेत होता.

गजाननचं म्हणणं असं की कैच्या नसत्या तर दोन कमानी वाकल्या असत्या, कागद फाटला असता आणि पॉलिहाऊस जागच्या जागी बसलं असतं. आमचं अखंड होतं, म्हणून अखंड गेलं, आणि शेजारच्या डोमाजीकाकांच्या खळ्यात त्यांच्या म्हशीवर नीट बसलं. म्हशीला खरचटलंसुद्धा नाही. आम्ही पोचलो तेव्हा ती आत उभी राहून तोंडापाशी आलेल्या काकड्या खात होती.

"हे तुमचं होय का जी?" डोमाजीकाकांनी विचारलं.

"होय."

"मंग येताना आवाज तं द्याचा. मी जेवून राहिलो होतो."

पुष्पाने व्यापाऱ्याला फोन लावला. "काकडी नाही जमणार, भाऊ. गेली." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "शेजारी गेली," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. म्हशीने सोडलेला सगळा तोडा तिने ओढणीत भरला, तरी ओढणीचं टोक रिकामंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी चोवीस माणसं जमवली, पायाला एक. उचललं छान. पण खळ्याच्या एका अंगाला तलाव आणि दुसऱ्या अंगाला त्या चिंचा. दोन चिंचांमध्ये पंधरा फूट जागा. पॉलिहाऊस वीस फूट रुंद. येताना ते वरून आलं होतं. आम्हाला तशी सोय नव्हती.

"खोलून न्या ना जी," डोमाजीकाका म्हणाले.

गजाननने माझ्याकडे पाहिलं. "कसं खोलता काका? भाऊजीनं समदं वेल्ड करून ठेवलं."

तेव्हापासून ते तिथेच आहे. डोमाजीकाकांनी पायांशी खुंट्या ठोकून म्हशीच्या दाव्यांनी ते बांधून टाकलं. पुष्पा आता त्यांच्या खळ्यात काकडी लावते. अर्धी त्यांची, अर्धी आपली आणि म्हैस खाईल ती म्हशीची. हा हिशेब कसा जुळतो ते मला कळत नाही, पण मला कोणी विचारलेलंही नाही.

मी जुन्या जागी, चोवीस रिकाम्या नळ्यांच्या मधोमध, मेथी लावतो. अलमारीची चावी पुष्पाकडे असते. बोल्ट मात्र तिने माझ्या हवाली केले आहेत. दर रविवारी मी ते काढतो, पुसतो आणि मोजतो.

अजून एकही हरवलेला नाही.