अडीच तासांचे अंतर

माझा धाकटा भाऊ प्रवासी बॅगा दुरुस्त करतो. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचे छोटे दुकान आहे. तुटलेले चाक असो, अडकलेली चेन असो, त्याच्या हातून गेलेली बॅग पुन्हा कुरकुरत नाही. स्वतः तो मात्र कधी विमानात बसला नव्हता. दूरदेशीची माहिती त्याला गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून मिळे. त्याची मुलगी ज्या शहरात नोकरी करते, तिथून आलेले एक गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणाले होते, "इथून सकाळी नऊला विमान सुटतं आणि साडेअकराला तिथे पोचतं." अडीच तास, असा हिशेब भावाने केला. मलाही याहून अधिक ठाऊक नव्हते.

पुढे एका संध्याकाळी माझी भावजय अचानक वारली. मुलीला लगेच कळवले. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली, तोवर सगळे आटोपले होते. भाऊ दारातच कडाडला, "अडीच तासांवर राहतेस, आणि आईसाठी आत्ता उगवलीस?"

"बाबा, मिळालं त्या पहिल्या विमानाने आले," एवढेच ती म्हणाली. त्याने पाठ फिरवली. त्यानंतर चार वर्षे तो तिच्याशी बोलला नाही. तिचा फोन आला की मुकाट्याने माझ्या हातात देई.

यंदा तिला मूल झाले. तिने आम्हा दोघांची तिकिटे पाठवली. मी भावाची विनवणी केली, "मला एकटीला भीती वाटते रे. चल सोबत."

"तुझ्यासाठी येतो, ताई. अडीच तास तर आहेत. तोंड शिवून बसेन."

विमान नऊला सुटले. साडेअकराला त्याने बूट चढवले, पिशवी मांडीवर घेतली आणि तो ताठ बसला. बारा वाजले तरी खाली पाणीच पाणी.

"ताई, हे भरकटलं की काय?"

त्याने हवाई सुंदरीला हाक मारली. ती हसली. "काका, अजून पाच तास आहेत. बूट काढा, पाय सुजतील."

"थट्टा करतेस होय गं? साडेअकराला पोचतं ना हे?"

"ते तिथल्या घड्याळाने, काका. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. प्रवास आठ तासांचा."

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. तिकडे उशिरा उजाडते हे त्याला माहीत होते. परंतु ती गोष्ट त्याने या हिशेबात कधी धरलीच नव्हती. तो बोटांवर काहीतरी मोजू लागला, थांबला, पुन्हा मोजू लागला.

"ताई," तो म्हणाला, "ती कुठेच थांबली नव्हती गं. रात्रभर अशीच बसून आली. एकटी. आणि मी तिला दारात..."

समोरचे जेवण त्याने तसेच परत पाठवले.

विमानतळाबाहेर मुलगी बाळ घेऊन उभी होती. बापाला पाहून जरा मागे सरली. तो तिच्यापुढे जाऊन नुसता उभा राहिला.

"केवढ्या लांबून आली होतीस गं तू!"

"हो, बाबा."

तिने बाळ त्याच्या हातात दिले. त्याने ते छातीशी धरले. पण नजर तिच्या चेहऱ्यावरून हलेना.