भिमाजीच्या हातची बरणी

सोजराबाई लग्न होऊन चऱ्होलीला आली तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, भिमाजी कुंभाराच्या रांजणांना पार आळंदीपर्यंत गिऱ्हाईक होतं. पुढं घरोघरी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी आली नि मडकी भाजायचा आवा पेटेनासा झाला. बावन्न साली भिमाजी पिंपरीकडच्या एका चिनी मातीच्या कारखान्यात लागला. मातीचंच काम हाय, असं त्यानं बायकोला समजावलं.

पण तिथं चाक नव्हतंच. पातळ माती साच्यात ओतली की कप तयार. भिमाजीला मिळाली त्या मातीत मिसळायची गारगोटी दळायची चक्की. संध्याकाळी सायकलवरून परत यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन.

तिसऱ्या वर्षी कारखान्याच्या साहेबांना लोणच्याची मोठी बरणी काढायची होती. मनासारखा नमुना कुणाला साधेना. भिमाजीनं घरी चाकावर तो घडवला. माती सोजराबाईनं तुडवली. बैलगाडीत पेंढा अंथरून दोघांनी तो कारखान्यात नेला, तेव्हा साहेबांनी सगळ्यांदेखत भिमाजीची पाठ थोपटली. नमुन्यावरून साचा निघाला. साचा सोडवताना नमुना फुटला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

आता नमुन्यांच्या कामावर घ्या, अशी भिमाजीनं विनंती केली. साहेब म्हणाले, "साचा झाला ना? आता दुसरा नमुना कशाला लागतोय?"

घरी येऊन त्यानं हे सांगितलं, तशी सोजराबाई म्हणाली, "मग चक्कीवरनं तरी काढा म्हनावं."

"एकदा मागितलं. पुन्यांदा न्हाई मागायचा मी."

तो चक्कीवरच राहिला. आधी कोरडा खोकला, मग सायकल हातानं ढकलत आणणं, मग उंबऱ्यापर्यंत चालतानाही धाप. पुण्याच्या डॉक्टरांनी छातीत दगडाची धूळ बसल्याचं सांगितलं. यावर औषध नाही, असंही ते म्हणाले. शेवटचे तीन महिने भिमाजी भिंतीला टेकून बसूनच झोपला. सोजराबाई त्याच्या पाठीला हात लावून बसायची. अठ्ठावन्नच्या चैत्रात तो गेला.

तेरावं झाल्यावर ती त्याच कारखान्यात कामाला गेली. कपांना कान चिकटवायचे होते. जन्म मातीत गेलेला, त्यामुळं पहिल्याच दिवशी तिच्या हातून एकही कान वाकडा बसला नाही. शेजारची बाई कौतुकानं म्हणाली, "तुमाला शिकवायचीबी गरज न्हाई, बाई."

सोजराबाईनं मान खाली घातली नि पदरानं डोळे पुसून पुढचा कप हातात घेतला.