तोंडात कापूस होता म्हणून

पंधरा दिवसांपूर्वी माझी अक्कलदाढ काढली. करंजाड्याच्या डेंटिस्टने तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि बजावलं... तासभर घट्ट चावून धरा, बोलायचं अजिबात नाही. ही बातमी ऐकून आमच्या घरी खांदा कॉलनीत किती आनंद झाला, ते मी इथे लिहीत नाही.

दवाखान्यापासून दोन बिल्डिंग पलीकडे माझी मावशी राहते. तिच्यासाठी बायकोने सकाळीच मेथीचे लाडू बांधून दिले होते. म्हटलं, डबा देऊ आणि निघू.

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता आणि ती चालत नव्हती. वॉकर कोपऱ्यात, मावशी खुर्चीत. आता पाय हलवला नाही तर गुडघा कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. काका गेल्यापासून ती एकटीच असते, म्हणून तिची मुलगी मीनल हैदराबादहून आली होती... आतल्या खोलीतून लॅपटॉपवर ऑफिसचं काम करायची.

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना लोक स्वतःचा आजार सोबत नेतात. कुणी आपल्या विहीणबाईंचा गुडघा सांगून गेलं, कुणी तेल देऊन गेलं, कुणी 'मनाची तयारी हवी' असं म्हणून चहा पिऊन गेलं. मीही दोन रविवार व्यायामाचे व्हिडिओ दाखवून आलो होतो. मावशी प्रत्येकाला "अरे, मी काय म्हणते..." म्हणायची आणि तिथेच थांबायची, कारण समोरच्याचं अजून संपलेलं नसायचं.

त्या दिवशी मी गालाकडे बोट दाखवलं, ती समजली. आत मीनल कुणाला तरी इंग्रजीत डेडलाइन समजावत होती.

बऱ्याच वेळाने मावशी म्हणाली, "दुखत नाही रे तसं फारसं." सवयीने मी तोंड उघडायला गेलो, तर कापूस आठवला. नुसती मान हलवली.

मग आतल्या दाराकडे बघत ती हळूच म्हणाली, "मी चालायला लागले, की ही जाणार."

एवढंच होतं... आणि आम्ही सगळे महिनाभर तेलं पोचवत होतो.

तोंड मोकळं असतं तर मी नक्की म्हणालो असतो, 'काहीतरीच काय मावशी!' ती हसली असती आणि विषय तिथेच मिटला असता. बोलता येईना म्हणून खुर्ची जरा तिच्याजवळ ओढली. ती बोलत राहिली... एकटी असतानाही हातून काकांचा धरून दोन कप चहा होतो, दाराची बेल फक्त कुरियरवाला वाजवतो, असं बरंच काही. रडली वगैरे नाही.

निघताना म्हणाली, "विजू, आज किती छान बोललास रे." आणि वॉकर पुढे सरकवायची खूण केली.

मीनलला हे सगळं मावशीने स्वतःच सांगितलं. मला इथे लिहायची परवानगीही तिनेच दिली आहे. आता मीनल दर महिन्याला थोडे दिवस येणार आहे, गुडघा दुखो किंवा न दुखो.

काल मीनल परत गेली. तिला सोडायला मावशी वॉकर घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत चालत आली. टॅक्सी वळून दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी होती.

मी शेजारीच होतो. 'अगं, येईल की परत,' 'चल, ऊन लागेल,' अशी दोन-तीन वाक्यं अगदी जिभेवर आली होती. तोंडात कापूस नव्हता... तरी गप्प राहिलो.