देवाला दम देणारी माणसं

सोलापूर स्टेशनवर गाडी हलली, तेव्हा माझ्या वडिलांनी, आण्णांनी, खिडकीचा गज सोडला, वर पत्र्याच्या छताकडे तोंड केलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हादेवा, पोरगं तुझ्या हवाली केलंय. सांबाळ. काय कमी-जास्त झालं तर गाठ माझ्याशी हाय, सांगून ठिवतो!" समोरच्या बाकावरचा इस्त्रीच्या शर्टातला माणूस हसला. आव्वा, म्हणजे माझी आई, शेंगापोळ्यांचा डबा खिडकीतून आत सारत होती. तो मी घेतला. पण आण्णांकडे पुन्हा मान वळवली नाही. इतकी लाज वाटली.

मंद्रूपजवळच्या वस्तीवरून मी बेंगळूरला आलो त्याला आता अर्धं आयुष्य झालं. कन्नड येतं, मग भ्यायचं कशाला, असं वाटलं होतं. इथं आल्यावर कळलं की आमच्या बाजूचं कन्नड ऐकूनही लोक हसतात. मग मी कन्नड बदललं, मराठी बदलली आणि त्याच हातासरशी देवही बदलला. आमच्या अपार्टमेंटमधल्या देव्हाऱ्यात बटण दाबलं की दिवा लागतो. तिथं कुणी आवाज चढवत नाही. माझी मुलगी सई बोलायला लागली, तेव्हा तिला हात जोडून "थँक यू बाप्पा" म्हणायला मी शिकवलं. थोडी मोठी झाल्यावर पुढचा धडा दिला: मनापासून मागितलं आणि मेहनत केली की देव देतो. सोपं होतं. पाठही लवकर झालं तिचं.

तुम्ही जे गावाकडे राहिलात आणि माझ्यासारखे जे निघून गेलात, तुम्हाला दोघांनाही विचारावंसं वाटतं: हा धडा ज्या दिवशी खोटा ठरतो, त्या दिवशी पोरांना काय सांगायचं असतं?

सई आता तेरा वर्षांची आहे. गेली दोन वर्षं ती पहाटे उठून पोहायला जात होती. राज्याच्या संघात निवड व्हावी एवढंच तिला हवं होतं. पोहायला जाण्याआधी रोज बाप्पासमोर उभी राहायची. निवडीच्या दिवशी शेवटच्या लॅपमध्ये मागची मुलगी पुढे गेली आणि सईचं नाव एका जागेनं राहिलं. परत येताना ती गाडीत रडली नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "बाबा, मी रोज मागत होते. तो कुठे होता?"

आणि मी म्हणालो, "तुझंच कुठेतरी कमी पडलं असेल. पुढच्या वेळी अजून मनापासून कर."

ते शब्द तोंडातून बाहेर पडल्यापासून मी स्वतःवर चिडलेला आहे. तिनं टेबलावरचा छोटा गणपती उचलून कपाटात, जुन्या पुस्तकांच्या मागे ठेवला. पोहणं बंद केलं. माझ्याशी बोलायची, पण जेवायला काय आहे एवढंच. मी तिला गोष्टी सांगितल्या, व्हिडिओ पाठवले, एका रविवारी सत्संगालाही नेलं. तिथल्या बाई म्हणाल्या की देव आपल्यासाठी यापेक्षा चांगलं काही योजतो. सईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती इथं लिहिता येत नाही. मलाही त्या बाईंचा राग आला. पण दुसरं काय सांगायचं ते मला तरी कुठं येत होतं?

शेवटी वेळ अमावस्येला तिला गावी घेऊन गेलो. थंडीतला हा सण आमच्याकडे रानात होतो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगापोळी यांचा नैवेद्य दाखवायचा. मग ज्वारीच्या पिठाच्या, ताकातल्या आंबिलीची घागर घेऊन "ओलगे ओलगे" असं ओरडत उभ्या पिकाभोवती आंबील शिंपडत फिरायचं. मला वाटलं होतं, हिरवं रान बघून पोरगी हसेल. म्हणजे पुन्हा तेच. चांगलं दाखवून देव पटवून द्यायचा माझा बेत.

रान हिरवं नव्हतं. यंदा पाऊस हटायलाच तयार नव्हता. ज्वारी उशिरा पेरली. वरच्या अंगाला गुडघ्याएवढी होती, खालचा तुकडा तर पाणी साचून चिबडून गेला होता. नुसती काळी ढेकळं. माझे थोरले भाऊ सिद्रामदादा बांधावर उभे राहून म्हणाले, "बघ बाळू, तुझं बेंगळूर बरं. तितं वरनं पानी पडलं तरी भाजी पिशवीतनं येती." मी हसलो, पण माझा बेत तिथंच संपला होता.

पूजा झाली. आण्णा गेल्यापासून आव्वा थकली आहे, कोपीजवळ घोंगड्यावर बसून होती. दादांनी घागर घेतली आणि सईच्या हातात लिंबाचा डहाळा दिला. दोघं पुढे, मी मागे. वरचं रान झालं. चिबडाच्या कडेला सई थांबली.

"काका, इथे तर काहीच उगवलं नाही. इथेही शिंपडायचं?"

"हितं तर शिंपडायचंच की." दादांनी घागर टेकवली आणि त्या मोकळ्या ढेकळांकडे बघून सुरू झाले. "आन् तू रं म्हादेवा? कुटं हुतास? मी हितं चिखलात गुडघ्यापतोर, बी कुजाय लागलं, तुला हाका मारतोय, आन् तू काय घोरत पडलावतास? आता गुमान पी ही आंबील. पी! पुढल्या साली असं केलंस तर घागर डोस्क्यात घालीन." आणि ओंजळभर आंबील त्यांनी ढेकळांवर फेकली.

सईचे डोळे मोठे झाले. "काका, देवाला असं बोललेलं चालतं?"

"मग कुणाला बोलू? तितं त्याच्याबिगर कोण हुतं?"

मागून आव्वा ओरडली, "सिद्राम, शिव्या दे, पर आंबील सांडू नको. पोरांना उरूं दे!"

सई हसली. कितीतरी दिवसांनी. मी मात्र तिथंच उभा राहिलो. मला फलाटावरचे आण्णा दिसत होते, छताकडे तोंड केलेले. लहानपणी एका साली काहीच उगवलं नव्हतं, तेव्हाही त्यांनी असंच अख्ख्या मोकळ्या रानाला आंबील घातली होती, तोंडानं भांडत. आमची भाकरी त्या साली सुकीच होती, पण वस्तीवरच्या कुणा पोराला, देव आहे की नाही, असं विचारावंसं वाटलं नाही. आण्णा दिवसभर कुणाशी भांडत होते ते आम्ही ऐकत होतो.

हे मी माझ्या पोरीपासून लपवलं. मुद्दाम नाही, लाजेपोटी. तिला मी असा देव दिला, ज्याच्याशी फक्त आनंदात बोलता येतं. मग दुःखात तो तिला दिसणार कसा?

सईनं डहाळा घागरीत बुडवला. त्या काळ्या ढेकळांवर आंबील शिंपडताना तिचे ओठ हलत होते. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

इथं लगेच सगळं गोड झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. बेंगळूरला परत आल्यावर ती पोहायला गेली नाही. अजूनही गेलेली नाही. गणपती कपाटातून टेबलावर आला आहे, पण भिंतीकडे तोंड करून. "शिक्षा आहे त्याला," असं ती म्हणते. बायकोला हे आवडलेलं नाही. मला रोज दोनदा वाटतं की तो सरळ करून ठेवावा. ठेवत नाही.

परवा ऑफिसातून आलो. ज्या बढतीसाठी तीन वर्षं मान मोडून काम केलं होतं, ती दुसऱ्याला मिळाली होती. बूट न काढताच देव्हाऱ्यासमोर गेलो. नेहमीसारखे हात जोडले, आणि तोंडातून आलं, "कुटं हुतास रं? आँ? कुटं हुतास?" आवाज चढला होता. शेजारी ऐकू गेला असेल. दारात सई उभी होती. म्हणाली, "बाबा, तू अगदी सिद्रामकाकांसारखा बोललास."

मग तीही येऊन शेजारी उभी राहिली. हात जोडले नव्हते तिनं. कमरेवर ठेवले होते.

उत्तर काही आलं नाही. येईल असं आण्णांनाही कधी वाटलं नसावं. पण मंद्रूपचं ते रान आणि तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट यांत त्या घटकेला मला काही अंतर वाटलं नाही. माझं घर आता एवढंच आहे: जिथं म्हादेवाला दम देताना मान खाली घालावी लागत नाही, आणि जिथं पोरगी शेजारी उभी राहून म्हणते, "बाबा, माझंही सांग त्याला."