तुला तिथून काय दिसून राहिलं?

माझा मोठा भाऊ गेल्याची बातमी मला रायपूरच्या एका मुलीनं दिली. तिला मी तोवर कधी समोरासमोर पाहिलं नव्हतं, दादानंही नाही. रविवार होता, दुपारचे साडेतीन वाजले होते. संध्याकाळी पाहुणे यायचे म्हणून मी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होते आणि फोन वाजला. कोमल बोलत होती. "दीदी, काका जवाब नहीं दे रहे. माइक चालू है, पर वो बोल ही नहीं रहे." मी म्हटलं, लाईट गेली असेल, नाहीतर उठला असेल चहा टाकायला. "माइक चालू है दीदी," ती परत म्हणाली. लाईट गेली असती तर माइक बंद झाला असता, एवढं ध्यानात यायला मला दोन क्षण लागले. गॅस बंद केला आणि तशीच निघाले. आमच्या अधारताल वस्तीत माझ्या आणि दादाच्या घरामध्ये दोन गल्ल्या आणि एक पिठाची चक्की आहे. दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी माहेरी नागपूरला गेली होती. दादा आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसलेला होता, कानावर हेडफोन तसाच... त्या खोलीत मी काय पाहिलं, ते मी पुढं बरेच दिवस कुणालाही सांगितलं नाही. हेडफोन काढला, कोमलला फोनवर "दादा गेला" एवढंच सांगितलं आणि कॉम्प्युटर बंद करून टाकला.

दादाचं नाव मनोहर, घरात मनूदादा. वय चौसष्ट. सारी नोकरी खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात गेली, शेवटची बरीच वर्षं फोरमन म्हणून. त्याचा धाक असा की स्कूटरचा आवाज आला की त्याची मुलगी पुस्तक उघडून बसायची, मग ते अभ्यासाचं असो की नसो. तो रिटायर झाला, मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तिचा कॉम्प्युटर मागं राहिला आणि त्यावर हा गृहस्थ एक खेळ खेळायला लागला. साधासुधा खेळ नाही. वीस जण आपापल्या गावी, आपापल्या घरी बसून, तोंडापाशी माइक लावून एका किल्ल्यावर चाल करून जातात. समोर तशीच वीस माणसं किल्ला राखत असतात. कुणी ढाल घेऊन पुढं, कुणी ओंडक्यानं दरवाजा फोडणारा, कुणी बाण मारणारा, कुणी मागं राहून जखमींना बरं करणारा वैद्य. आणि एक कप्तान. आमचा दादा कप्तान होता आणि बाकी सगळे त्याच्या मुलीच्या वयाचे. वहिनी आल्यागेल्याला सांगायची, "लोकं रिटायर होऊन भजनी मंडळात जातात, यांनी किल्ले पाडायला घेतले." मीही हसायचे. खोटं काहून बोलू, चारचौघांत तो विषय निघाला की मला लाजच वाटायची.

माझं स्वतःचं मात्र तेव्हा हसण्यासारखं काही चाललं नव्हतं. सिविल लाइंसमधल्या एका सरकारी कार्यालयात मी नोकरी करते, पेन्शनची कामं होतात तिथं. तीनेक वर्षांपूर्वी मला सेक्शनची इनचार्ज केलं. आता माझा स्वभाव सांगते. मला कुणाचं संथ काम बघवत नाही. कुणी फाईल घेऊन विचार करत बसलं की मी ती त्याच्या हातातून ओढून घेते, स्वतः करून टाकते आणि वर दोन शब्द ऐकवते. पोळ्या करायला येणाऱ्या बाईच्या हातचं लाटणंसुद्धा मी असंच घेतलेलं आहे. आठ महिन्यांत माझ्या अकरा माणसांपैकी चौघांनी बदली मागितली. उरलेले फाईल आणून माझ्यासमोर नुसते उभे राहायचे, मी कधी ओढते याची वाट बघत. रोज संध्याकाळी अकरा जणांचं काम माझ्या टेबलावर. शेवटी मी अर्ज लिहिला की मला यातून मोकळं करा, मी आपली साधं काम करीन. तो दादाला दाखवायला नेला, कारण आमच्या घरातून कुठलाही कागद दादानं वाचल्याशिवाय बाहेर गेलेला नाही. लग्नपत्रिका असो की विजेच्या बिलाची तक्रार, आधी दादा.

त्यानं अर्ज दोनदा वाचला. "भाषा बरोबर आहे," म्हणाला आणि स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकला. "सहा रविवार दे मला. दुपारी तीनला येत जा, माझ्याकडे एक वैद्य कमी आहे. सातव्या रविवारीही तुझं हेच म्हणणं असलं तर मी स्वतः नेऊन देतो." मला वाटलं थट्टा करून राहिला. मी म्हटलं, "दादा, मी बावन्न वर्षांची आहे." तर म्हणतो, "मग काय झालं, मी बासष्टचा आहे."

माझा लॅपटॉप घेऊन मी त्याच्या खोलीत जाऊन बसले, आणि किल्ल्यावर मी तेच केलं जे ऑफिसात करत होते. दरवाज्यावर ओंडका मारणारा मुलगा मला संथ वाटला. मी जखमींना तसंच सोडलं, पुढं धावले आणि स्वतः ओंडक्याला हात घातला. वैद्याच्या हातून दरवाजा कुठला तुटतो. मागं वळून बघते तर आपली सगळी माणसं आडवी. दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्याही रविवारी तेच. दादा शेजारीच बसून होता. तिसऱ्यांदा हरलो तेव्हा हेडफोन काढून म्हणाला, "विजू, तू काहून धावून राहिली?" मी म्हटलं, "तो मुलगा करत नव्हता न." "तो करतच होता बाई. तू त्याला बरं करणं सोडलं, म्हणून तो पडला." मला इतका राग आला की मी चहा न घेता निघाले. चक्कीपाशी पोचेपर्यंत बडबडत होते. मग तिथंच थांबले, कारण माझ्या डोळ्यांसमोर ऑफिसातली अकरा टेबलं आली होती.

पुढच्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी त्यानं आपली गोष्ट सांगितली. खेळात नवा असताना त्याला फोरमनकीची सवय होती. एका मुलीवर तो माइकवर ओरडला, जसा नोकरीत ओरडायचा तसाच. ती सरळ निघून गेली. मग दुसरा गेला, तिसरा गेला. "ड्युटीवर माणूस उठून जाऊ शकत नाही विजू, त्याला पोट असते. मला वाटायचं माझं ऐकून राहिले. इथं एक बटण दाबलं की माणूस गेला. त्या दिवशी किल्ल्यावर मी एकटाच उरलो." मग म्हणाला, "हे मला वीस वर्षं आधी समजायला पाहिजे होतं... कितीक लोकांचं मन दुखवलं मी." माझ्या भावाच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. ती निघून गेलेली मुलगी म्हणजेच कोमल. त्यानं तिला शोधून माफी मागितली आणि पुढं टोळी बांधली ती तिला सोबत घेऊनच.

त्या टोळीचा एक रिवाज होता. जिंका की हरा, लढाई संपली की सगळ्यांनी बोलायचं. जो सगळ्यात नवा तो आधी, कप्तान सगळ्यात शेवटी. आणि कप्तानानं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, तुला तिथून काय दिसून राहिलं? मुलांशी तो हिंदीत बोलायचा, पण हा प्रश्न मराठीतच विचारायचा आणि छत्तीसगडची, बुंदेलखंडाची पोरं त्याला बरोबर उत्तर द्यायची. चूक कुणाची, हे विचारायला बंदी होती. "मी दरवाज्यात उभा, मला दरवाजाच दिसते," दादा सांगायचा. "तटाखाली काय झालं ते तिथल्याला विचारल्याशिवाय मला कसं समजेल? आणि माझी बोटं आता चालत नाहीत, मी कोणाच्या हातचं काम घेऊही शकत नाही. म्हणून बरा कप्तान झालो." सगळ्यांचं बोलून झालं की शेवटी तो दोन वाक्यं बोलायचा आणि म्हणायचा, "चलो, उठो, चाय पियो सब लोग." त्याशिवाय कुणी जायचं नाही.

खेळ खेळून माणूस साहेब होतो, असं मी म्हणत नाही. पण एक सांगते. आमच्याकडे दुबेजी म्हणून एक आहेत, सेक्शनमधले सगळ्यात संथ. त्यांच्या फायलींचा ढीग बघून माझं डोकं फिरायचं. एका सोमवारी मी त्यांच्या हातातली फाईल ओढायला गेले, हात मागं घेतला आणि त्यांच्या बाजूला खुर्ची घेऊन बसले. विचारलं, "दुबेजी, आपको यहाँ से क्या दिखता है?" ते घाबरले. मग म्हणाले, "मॅडम, दरवाजा दिखता है." खरंच त्यांचं टेबल दारापाशी होतं. आत येणारा प्रत्येक म्हातारा पेन्शनर आधी त्यांनाच विचारायचा, कुठं जाऊ, कुठं सही करू, आणि दुबेजी प्रत्येकाचा फॉर्म भरून देत. दिवसभर. माझ्या केबिनमधून मला फक्त ढीग दिसायचा. आम्ही त्यांना तेच काम दिलं, फायली दुसऱ्यांत वाटल्या. ढीग दोन महिन्यांत उतरला. सातवा रविवार कधी आला आणि गेला, ते ना मला कळलं ना दादानं विचारलं. मी लॅपटॉप घरीच लावून खेळायला लागले. शेवटचा तो पाहुण्यांचा रविवार सोडला तर दोन वर्षं माझे रविवार असे गेले, आणि माझ्या नोकरीतली ती सगळ्यात बरी वर्षं होती.

दादा गेला आणि मी परत जुनी विजू झाले. दिवस-पाणी, दाखले, बँक, पाहुण्यांचं जेवणखाण, सगळं माझ्या अंगावर घेतलं. भाचीच्या हातातला कागदही मी ओढून घेतला. ऑफिसात फायली ओढायला लागले. टोळीच्या ग्रुपवर पोरं विचारत होती, दीदी, क्या हुआ था, कैसे हुआ. मी एकालाही उत्तर दिलं नाही. आमच्या घरचं दुःख आहे, आम्ही बघू, यांना काय त्याचं, असं वाटायचं. वहिनी भिंतीला टेकून एकच म्हणायची, "मी नव्हते. एकटाच गेला हो माणूस... एकटाच." मी तिला पाणी द्यायचे, औषध द्यायचे. खोलीत काय पाहिलं ते सांगायचे नाही. तिला ऐकवणार नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याला काय पेलेल ते मीच ठरवायचं, ही माझी जुनी खोड.

तेरावं होऊन दोन आठवडे झाले तेव्हा कोमलचा निरोप आला. "दीदी, इस रविवार तीन बजे सब आ रहे हैं. लड़ाई नहीं करेंगे, सिर्फ़ बात करेंगे. आप काका की कुर्सी से आइए." मी दुपारी दादाकडे गेले. वहिनी दाराशी बसली होती. हेडफोन मीच खणात ठेवला होता, तो काढताना खाली माझा अर्ज सापडला. उलटा करून बघते तर पाठीमागं पेन्सिलीनं किल्ल्याचा नकाशा. दादा कोरा कागद कधी वाया घालवत नसे. प्रत्येकाची जागा गोलानं दाखवलेली, त्यात नावं, आणि दरवाज्याच्या मागं एका गोलात विजू. खाली लिहिलं होतं, "हिला इथून हलू देऊ नका." मी रडले. रडता रडता हसूही आलं. हा अर्ज त्यानं कधीच देण्यासाठी ठेवला नव्हता.

हेडफोन कानाला लावायचं माझ्यानं होईना, म्हणून साध्या स्पीकरवर आवाज सुरू केला. सगळ्यात नवा आधी बोलला, मग त्याच्या आधीचा. कुणी सांगितलं, काकांनी माझा राजीनामा थांबवला, कुणी सांगितलं, दुकानातल्या मुलांशी बोलायला मी त्यांच्याकडून शिकलो. एकेक करत सगळे झाले. शेवटची पाळी कप्तानाची, आणि कप्तान नव्हता. कुणालाच उठता येईना. मग कोमल बोलली, हळू, आणि त्याच्याच मराठीत. "दीदी, तुला तिथून काय दिसून राहिलं?"

मी वळून बघितलं. वहिनी दारात उभी होती. तिला जा म्हणावं असं एकदा मनात आलं... म्हटलं नाही. मी सांगायला लागले. तो खुर्चीत सरळ बसला होता. एक हात टेबलावर, एक माऊसवर. अर्धा कप चहा होता, त्यावर साय धरलेली. चेहऱ्यावर कसलाच त्रास नव्हता. पडद्यावर त्याचा माणूस दरवाज्यात उभा होता, आणि तुम्ही सगळे लढाई टाकून त्याच्याभोवती येऊन उभे होतात. तटावरून समोरची माणसं खाली बघत होती, त्यांनीही बाण मारणं थांबवलं होतं. आणि हेडफोनमधून तुमचे आवाज येत होते, काका, काका. मी त्याच्या कानावरून हेडफोन काढला तेव्हाही येत होते. तो गेला तेव्हा त्याच्या कानात तुम्ही होतात. मला वाटलं होतं माझा भाऊ एकटा गेला. तो एकटा नव्हता गेला.

माइकवर कुणीतरी रडत होतं. वहिनी खाली बसली होती, पण भिंतीला टेकली नव्हती, पडद्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "सगळे होते?" मी म्हटलं, "हो वहिनी, सगळे होते." तिनं पदरानं डोळे पुसले. स्पीकरवर अजून कुणी जात नव्हतं, सगळे थांबून होते, आणि ते कशासाठी थांबले आहेत हे मला ठाऊक होतं. मी माइक जवळ घेतला आणि म्हटलं, "चलो, उठो, चाय पियो सब लोग."

वहिनी उठली आणि चहा टाकायला गेली.