न बांधलेलं पागोटं

आमच्या देवासात मालनबाईच्या हातचं पागोटं ज्याच्या डोक्यावर नाही असा मानकरी शोधून सापडला नसता. एक सोडून. ते एक म्हणजे बळवंतराव. ते मालनबाईच्या घरासमोरच राहायचे, आणि ते सकाळी दारात आले की ही ओट्यावरून रस्त्यात थुंकायची. मी तिची शेजारीण, आमच्या दोघींच्या घरांमधली भिंत एकच, तेव्हा हे काही मी ऐकीव सांगत नाही.

देवास म्हणजे त्या काळी एका गावात दोन राज्यं. थोरली पाती आणि धाकटी पाती. पोलीस दोन, कचेऱ्या दोन, रुसवेफुगवे तर विचारूच नका. थोरल्या पातीतल्या माणसाला आपलं पागोटं धाकटीतल्यापेक्षा निराळं दिसावंसं वाटायचं आणि धाकटीतल्याला थोरलीपेक्षा. मालनबाई दोघांनाही खूश ठेवायची. तिचे वाडवडील पवारांच्या लष्कराबरोबर दख्खनेतून आले ते पागोटी बांधतच. बाईमाणसानं परपुरुषाच्या डोक्याला हात लावायचा नाही, म्हणून ती लाकडी साच्यावर बांधायची आणि घरपोच द्यायची. खरं तर हा धंदा तिच्या भावाचा, भगवंताचा. भाऊ गेला आणि साचा हिच्याकडं आला.

बळवंतराव मात्र स्वतःचं पागोटं स्वतःच बांधायचे. ते इतकं वाईट की पाहणाऱ्याला दया यावी. डावा कान पुरता झाकलेला, आणि मागं एक शेव ताठ उभा, चिडलेल्या मांजराच्या शेपटीसारखा. पाठमोरा माणूस अर्ध्या कोसावरून ओळखू यायचा. मालनबाई ते पाहून म्हणायची, "जन्मभर असंच फिर मेल्या. मी मरेन, पण तुझं बांधणार नाही."

आता हा दावा कशाचा ते सांगते.

धारकडं, नालछ्याच्या पलीकडं एक लहानसं ठिकाण होतं. नाव घेत नाही, त्यांची माणसं अजून आहेत. तिथले कारभारी यशवंतराव सरळ माणूस. जहागीरदार अज्ञान पोर, आणि त्याचे चुलते जहागिरीचा लचका तोडायला टपलेले. यशवंतराव मध्ये आडवे आले. एके सकाळी देवघराच्या पडवीत कोणीतरी त्यांच्या पोटात कट्यार खुपसली. भगवंत तेव्हा तिथंच चाकरीला होता, आणि त्यांचं पागोटं बांधायला नेहमीप्रमाणं आला होता. त्यानं पाहिलं, हातातलं नवं कोरं पागोटं टराटरा फाडलं आणि जखमेत कोंबून धरलं. काही उपयोग झाला नाही. तो मदतीला हाका मारत बाहेर धावला तेव्हा कोपरापर्यंत लाल झाला होता, आणि तसा त्याला वाड्यातल्या उमाशंकर रसोइयानं पाहिला.

ज्यांनी मारलं ते चुलते यशवंतरावांच्या तेराव्याला पहिल्या पंगतीत बसून जेवले. पकडला गेला भगवंत.

न्यायाधीश दक्षिणेतून नुकते आलेले. त्यांना मालवी कळेना, म्हणून दुभाषी नेमला, आणि दुभाषी म्हणजे हे बळवंतराव. उमाशंकर साक्षीला उभा राहिला. घरी तो रक्ताला रगत म्हणायचा. पण कचेरीत उभं केलं की गरीब माणसालाही जरा शहरी बोलावंसं वाटतं. तो म्हणाला, "हुजूर, म्हने भगवंत का हाथ पे खून देख्यो."

बळवंतरावांनी घसा खाकरून मराठीत सांगितलं, "हा म्हणतो, भगवंताच्या हातून खून होताना मी पाहिला."

झालं. म्हने म्हणजे मी, इथवर ठीक. पण हिंदीतलं खून म्हणजे रक्त, मराठीतलं खून म्हणजे जीव घेणं. भगवंताला दोन्ही भाषा येत होत्या. तो पिंजऱ्यातून ओरडला, तर शिपायानं त्याच्या तोंडावर हात दाबला. आरोपीनं मध्ये बोलायचं नसतं म्हणे. उमाशंकरला मराठीतला तेवढा खून शब्द ओळखीचा वाटला, त्यानं मान डोलावली. भगवंताला जन्मठेप झाली आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात तो तुरुंगात तापानं मेला. मालनबाई अस्थी घेऊन नेमावरला गेली, तेव्हा उमाशंकर तिथंच नर्मदेच्या घाटावर भिक्षेकऱ्यांच्या रांगेत बसलेला होता. नोकरी सोडून तो तिकडंच राहिला होता. त्यानं तिचे पाय धरले आणि काय बोललो, त्याचं काय झालं, ते सगळं रडत रडत सांगितलं.

उमाशंकरला तिनं माफ केलं. चुलत्यांपर्यंत तिचा हात पोहोचणार नव्हता. राहिले बळवंतराव, आणि देवानंही असा चावटपणा केला की नोकरीतून निवृत्त होऊन ते आमच्याच गल्लीत, तिच्याच समोर राहायला आले. ते घर चुलत्यांनीच घेऊन दिलं असणार, हे मालनबाईनं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

बळवंतरावांच्या तोंडावर हा विषय कोणी काढत नसे, पण तिला लोक समजवायचे. म्हणायचे, अगं, त्यांना हिंदी येतच नाही. हे खोटं नव्हतं. बळवंतरावांच्या घराण्याला माळव्यात तीन पिढ्या झालेल्या, पण घरात मालवीचा एक शब्द बोलायचा नाही, गड्यानंही मराठीतच बोलायचं, असा त्यांचा खाक्या. दुभाष्याची जागा ओळखीनं मिळाली होती. एकदा शाळेतले पंडितजी त्यांच्या नातवाबद्दल म्हणाले, "हमने बहुत चेष्टा की, पर लड़का पढ़ता नहीं." चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न. बळवंतराव काठी उगारून धावले, "माझ्या नातवाची चेष्टा करता?" गाव महिनाभर हसत होतं. मालनबाई हसली नाही. म्हणाली, "नाटकी आहे. त्याला सब कळतं. न कळल्याचं सोंग घेतो, म्हणजे तेव्हाचं पाप झाकलं जातं."

एवढंच तिला हवं होतं, की या माणसानं चार लोकांत कबूल करावं की मी जाणूनबुजून खोटं बोललो. त्याशिवाय ती मरणार नव्हती.

पहिलं महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली आणि दक्षिणेतून एक सिनेमाची कंपनी मांडूला आली. तेव्हाचा सिनेमा मुका. त्यांना एका कारभाऱ्याच्या खुनाची गोष्ट घ्यायची होती. एक राजा आणि एक राणी असलं काही नाही, सगळा दरबारच्या दरबार. चुलते, फितूर, भाट, शिपाई, प्रत्येकाला थोडं थोडं काम आणि प्रत्येकाच्या डोक्याला पागोटं. एवढी पागोटी बांधणार कोण? मालनबाईला बोलावणं आलं. ती साचा काखोटीला मारून मांडूजवळच्या नालछ्याला, कंपनीच्या तळावर गेली आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत आली ती वेगळीच होऊन. गालात हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिथं कंपनीचे शरच्चंद्र म्हणून मुख्य होते. पागोटी बांधता बांधता तिनं त्यांना भगवंताची सगळी हकिकत सांगितली. त्यांना ती इतकी पटली की त्यांनी कचेरीचा प्रवेश नव्यानं घातला. साक्षीदार, न्यायाधीश, दुभाषी, सगळं.

"आणि त्या दुभाष्याचं पागोटं मी बांधलं," मालनबाई मला म्हणाली. "डावा कान झाकून. मागं शेव उभा."

मी कपाळावर हात मारला.

"सिनेमात नाव घेता येत नाही ना?" ती म्हणाली. "नको घेऊ दे. पागोटं बोलेल."

मग सुरू झालं वाट पाहणं. सिनेमा आज येतो, उद्या येतो, उज्जैनला लागला म्हणे, इंदूरला गर्दीनं तंबू फाटला म्हणे. सगळं देवास डोळे लावून बसलं होतं. आपल्या माळव्यात घेतलेला सिनेमा, त्यात आपली माणसं गर्दीत उभी राहिलेली. कोणाच्या मामाला भाला दिला होता, कोणाची बैलजोडी होती. पण मालनबाईसारखी वाट कोणी पाहिली नसेल. गिऱ्हाइकाला पागोटं देताना ती बजावायची, "भिया, कचेरीचा भाग चुकवू नका. आजू-बाजूला कोण बसलंय तेही पाहून घ्या." लग्नघरात अक्षता वाटाव्या तशी ती हे घरोघर वाटत होती. मलाही चढली होती हो ती नशा. खोटं कशाला बोलू, बळवंतरावांचं तोंड काळं होताना पाहायला मीही नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

शेवटी तंबू आला. तो कुठल्या पातीत उभा करायचा यावर दोन्ही कचेऱ्यांत आठवडाभर खलिते गेले आले, आणि शेवटी निम्मे खुंटे इकडं, निम्मे तिकडं असा तोडगा निघाला. मग दुसरा तंटा. पडद्यावर मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येतात, त्या हिंदीत होत्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, आणि आमच्यासारख्या मराठी बायकांसाठी, कोणीतरी त्या मोठ्यानं मराठीत सांगायला हव्यात. थोरलीनं सुचवलेला माणूस धाकटीला चालेना, धाकटीचा थोरलीला. दोघांनाही चालला तो एकच, कारण तो दोघांपैकी कोणाचाच नव्हता, तिसऱ्याच ठिकाणी नोकरी केलेला होता. आवाज खणखणीत. मराठी शुद्ध. वर जुना दुभाषी, मग हिंदीचं कोण विचारतो? बळवंतराव.

मालनबाईला हे कळलं तेव्हा ती साचा खाली ठेवून देवासमोर साखर ठेवून आली. "बघ," म्हणाली, "माझ्या भावानं वरून चक्र फिरवलं. आता त्याच्याच तोंडून वदवून घेईन."

दिवेलागणीला तंबू भरला. बळवंतराव पडद्याच्या कडेला उंच खुर्चीवर, काठी टेकून. कारभारी पडला, चुलते कुजबुजले, आणि कचेरी आली. पडद्यावर दुभाषी उभा राहिला. डावा कान झाकलेला, मागं शेव ताठ. आधी एक पोरगी फिसकन हसली. मग सगळा तंबू पडद्याकडून खुर्चीकडं आणि खुर्चीकडून पडद्याकडं पाहू लागला. "अरे, ये तो अपने बळवंतराव है." बळवंतरावांचा हात आपोआप डोक्यामागं गेला, शेव चाचपून परत आला. मालनबाईनं माझा दंड असा दाबला की वळ उठले.

साक्षीदाराची पाटी आली: मैंने इसके हाथ पर खून देखा।

आता पाहायचं होतं. खरं सांगितलं तर तेव्हाचं खोटं उघडं पडणार. खोटं सांगितलं तर सगळ्या गावादेखत. माणूस घाम पुसेल, अडखळेल, उठून पळेल, असं आम्हाला वाटत होतं. बळवंतराव अडखळले नाहीत. पागोट्याच्या थट्टेनं थोडे दुखावलेले दिसत होते, पण काम ते काम. घसा खाकरून, पहिल्याइतक्याच खणखणीत आवाजात ते म्हणाले, "साक्षीदार म्हणतो, याच्या हातून खून होताना मी पाहिला."

कोणीच हसलं नाही. ते इतक्या भोळेपणानं म्हणाले होते की हसणं कोणाला सुचलंच नाही. मागून एका तेल्यानं हळूच समजावलं, "काकासाब, खून बोले तो रगत. हाथ पे रगत लग्यो थो, वा बात है."

"रगत?" बळवंतराव म्हणाले. "खून म्हणजे... रक्त?"

"हो काकासाब."

ते पडद्याकडं पाहत राहिले. पडद्यावर शिपाई आरोपीच्या तोंडावर हात दाबत होता. बळवंतरावांची काठी गळून पडली आणि पुढच्या पाट्या शेवटपर्यंत कोणी वाचल्याच नाहीत.

परतताना मला वाटलं मालनबाई आनंदानं बोलत सुटेल. ती गल्लीच्या तोंडाशी मटकन खाली बसली.

"त्याला माहीतच नव्हतं गं," ती म्हणाली. "लाच घेऊन केलं असतं तर निदान माझ्या भावाला काही किंमत होती असं तरी झालं असतं. फुकट मारला त्यानं. एका शब्दात, न बघता."

मला वाटलं, चला, मिटलं. इतकी वर्षं ज्याला राक्षस समजलो तो मूर्ख निघाला, आता हिचा राग निवेल. मालनबाईला मी तेव्हाही ओळखलं नव्हतं. तिचा राग दुप्पट झाला होता. राक्षसाला निदान आपण काय केलं ते ठाऊक असतं, हा तर इतकी वर्षं सुखानं जेवला होता.

सकाळी बळवंतराव रस्ता ओलांडून आले. त्यांनी पागोटं उतरवलं आणि मालनबाईच्या पायाशी ठेवलं. आमच्याकडं पुरुषानं याहून खाली वाकायचं काही उरत नाही. गल्लीतली माणसं दारांत उभी होती.

"बाई, मला कळलं नाही," ते म्हणाले. "सांगाल ती शिक्षा."

मालनबाईनं पागोटं उचललं. मला वाटलं ती ते त्यांच्या हातात परत देईल, सगळ्यांनाच वाटलं. तिनं ते उलगडलं, शेवापासून शेवापर्यंत, झटकलं, नीट घडी घातली आणि आपल्या पेटीत ठेवून दिलं.

"हे इथंच राहील," ती म्हणाली. "तुम्ही आता उघड्या डोक्यानं फिरायचं. कोणी विचारलं, घरात कोण गेलं, तर नाव सांगायचं."

तेव्हा घरात मयत झाल्याशिवाय कोणी कर्ता पुरुष बोडक्या डोक्यानं रस्त्यावर पाय ठेवत नसे. बळवंतरावांच्या मुलानं आत जाऊन दुसरं पागोटं आणलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं आणि तसेच घरी गेले.

पुढं मरेपर्यंत ते तसेच फिरले. उन्हातान्हात, दसऱ्याच्या सवारीत, स्वतःच्या नातवाच्या मुंजीतसुद्धा. गाव आधी चुकचुकलं, मग सरावलं. पण परगावचं माणूस थांबायचंच. एकदा सतवासकडचा एक बैलगाडीवाला मालनबाईच्या ओट्यापाशी त्यांना पाहून खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "काकासाब, कुण गयो?"

बळवंतराव थांबले. मराठीत सांगितलं तर या माणसाला कळणार नाही, हे त्यांना आता समजत होतं. शब्द जुळवत जुळवत ते म्हणाले, "भगवंत गयो. उका हाथ पे रगत थो. दूसरा को रगत. म्हने गलत बोल्यो."

मालनबाई ओट्यावर कोणाचं तरी पागोटं बांधत होती. तिनं मान वर केली नाही. साच्यावरचा पीळ तेवढा तिनं आणखी आवळला.